आडनावाचा अंपेर

आपल्याकडे आडनाव बहुधा कामावरून पडलं किंवा गावावरून. परगण्याचा वसूल बघणारा तो देशमुख, गावचा कारभार बघणारा पाटील, घोड्यावरचा शिपाई राऊत. रिसोड सोडून दुसरीकडे बिऱ्हाड केलं की माणूस रिसोडकर, मंगरूळहून गेला की मंगरूळकर. म्हणजे साधा शब्द आधी होता, आडनाव मागून आलं. काही फ्रेंच आडनावांची वाट मात्र उलटी. माणूस गेला, त्याच्या आडनावाचा इंग्रजीत साधा शब्द झाला आणि तो शब्द वाशीम जिल्ह्यातल्या वावरापर्यंत येऊन पोचला.

दुधाच्या पिशवीवरचं ‘पाश्चराइज्ड’ घ्या. लुई पाश्चर (1822–1895) हा त्यातला माणूस. फ्रेंचमध्ये पाश्चर म्हणजे मेंढपाळ. आपल्या माळावर मेंढरं राखणाऱ्या धनगराला सांगितलं, की पिशवीवर तुझ्याच धंद्याचं नाव छापलंय, तर तो हसेल आणि पिशवीतल्या दुधाला नावं ठेवेल. बरोबरच आहे त्याचं. डॉक्टर गिलोटिनच्या आडनावाचे तर हालच झाले. त्या नावाचं शिरच्छेदाचं यंत्र त्याने बनवलं नव्हतं, मरणाऱ्याला यातना कमी व्हाव्यात एवढंच त्याचं म्हणणं होतं. आज लोकसभेत अनुदानाच्या मागण्या चर्चेविना मंजूर होतात, तेव्हा ‘गिलोटिन लावलं’ म्हणतात.

पण माझ्या लेखी खरं नशीबवान आडनाव अँपिअर. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं आणि लाइन नेमकी रात्रपाळीची. विहिरीजवळच्या पेटीत स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की मोटर घुमते, अँमीटरचा काटा एकदम उसळी मारतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. पाच एचपीच्या मोटरीला साडेसातच्या आसपास. त्याच्या पुढे काटा राहिला, की बॅटरीचा उजेड धरून उभा असलेला माणूस म्हणतो, “भाऊ, अंपेर लय चढून रायला, बंद कर.” कारण व्होल्टेज पडलं की मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं, आणि सकाळी जळालेली मोटर घेऊन तालुक्याला जावं लागतं. त्या ‘अंपेर’ला कुणी माणूस समजत नाही. ताप चढावा तसा तो चढतो.

माणूस होता आंद्रे-मारी अँपिअर, 1775 साली लिऑनला जन्मलेला. अठरा वर्षांचा असताना क्रांतीच्या धामधुमीत बापाला गिलोटिनवर चढवलं. एका आडनावाने दुसऱ्याचं घर असं उजाड केलं. पुढे चारेक वर्षांच्या संसारानंतर बायको गेली. 1820च्या सप्टेंबरात पॅरिसला बातमी आली, की विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते. आठवडाभरात हा गडी अकादमीपुढे आपला पहिला निबंध घेऊन उभा. एकाच दिशेने करंट वाहणाऱ्या दोन समांतर तारा एकमेकींना ओढतात, हे त्याने दाखवलं. 1836मध्ये शाळातपासणीच्या फिरतीवर असताना मार्सेलला वारला. थडग्यावर लॅटिनमध्ये कोरलंय : अखेर सुखी. 1881च्या पॅरिस परिषदेने त्याचं आडनाव करंटच्या एककाला दिलं.

इंग्रजीने ते घेताना फ्रेंचमधली ‘ई’वरची तिरपी रेघ झटकून टाकली. शिवाय इंग्रजीचा एक नियम आहे : माणूस असेल तर पहिलं अक्षर मोठं, एकक असेल तर लहान, फक्त खुणेचा ‘ए’ मोठा. माणसाची तेवढीच आठवण शिल्लक. देवनागरीत लहान-मोठं अक्षरच नाही, म्हणून आपल्याकडे तीही पुसली. मला यात वाईट वाटत नाही. पुतळ्याखालचं नाव कोण वाचतं? हे नाव रोज तोंडात आहे, शिव्यांसकट.

आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत मूळ एककं सात. त्यांतली व्यक्तीच्या नावाची दोनच, अँपिअर आणि केल्विन. पैकी केल्विन ही विल्यम थॉमसनला मिळालेली पदवी, तीही ग्लासगोच्या नदीवरून घेतलेली. म्हणजे आपल्या रिसोडकरासारखीच. खरं आडनाव सातांत एकच.