पुट्टी की शिसं?



यंदाच्या नाताळात आमच्या घरी एक प्रश्न विचारला गेला आणि सात वर्षांचा अबोला सुटला. प्रश्न धर्मशिक्षणाच्या पुस्तकातला नव्हता. मोटारीच्या पत्र्याचा होता. म्हणून आज थोडं मोटारींविषयी लिहितो आहोत. कंटाळू नका, शेवटी आपल्याच घरी येऊ.

आमचे पप्पा बेळगावात चाळीस वर्षं डेंटिंगचं काम करत. कॅम्पच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं छोटं गॅरेज होतं. ठोकलेली गाडी त्यांच्याकडे आली की आधी ते तिच्याभोवती दोन फेऱ्या मारत, मग नुसत्या तळहाताने पत्रा चाचपत. डोळ्यांना न दिसणारी खोच हाताला कळते, असं ते म्हणत. ही विद्या त्यांनी ताईच्या मुलाला, आमच्या भाच्याला दिली. पोराचा हात चांगला होता. पण विशीतच दारूही लागली. एका रात्री पिऊन त्याने रंगाला आलेली गिऱ्हाइकाची जुनी फियाट शेडमधून बाहेर काढली आणि खानापूर रोडला मोरीवर घातली. जीव वाचला, गाडी गेली. पप्पांनी साठवलेल्यातले एक लाख चाळीस हजार गिऱ्हाइकाला दिले, गॅरेजला कुलूप लावलं आणि नातवाशी बोलणं बंद केलं.

आमचंही सांगून टाकतो. रविवारी मुलांना हरवलेल्या मेंढराची गोष्ट शिकवणारे आम्ही उभयता त्या वर्षी ताईला म्हणालो होतो, “आता त्याची आशा सोड.” विमा कंपनीवाले ‘टोटल लॉस’ लिहून मोकळे होतात, तसं आम्ही लिहिलं होतं.

ताईने आशा सोडली नाही. व्यसनमुक्ती केंद्र, पुन्हा घसरणं, पुन्हा केंद्र, असं दोन वर्षं चाललं. भाओजींचं घराणं गोव्याचं, त्यांचा जन्म 1961 च्या आधीचा. त्यामुळे बऱ्याच गोवेकरांप्रमाणे पोरालाही पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि तो इंग्लंडला गेला. आधी गोदामात खोकी उचलली. मग जुन्या स्पोर्ट्‌स कार नव्याने उभ्या करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा ठोकायला लागला. यंदा सुट्टीवर आला तो चार वर्षं दारूचा थेंबही न घेतलेला माणूस होता.

नाताळच्या मिस्सेनंतर सगळे आमच्याकडे जेवायला होते. तो आम्हाला मोबाईलवर फोटो दाखवत होता. जॅग्वार ई-टाइप नावाची गाडी. मार्च 1961 मध्ये ती जिनिव्हात पहिल्यांदा लोकांसमोर आली. विमानांच्या कारखान्यातून आलेल्या माल्कम सेयर यांनी तिचा आकार काढला. म्हणूनच ती उभी असली तरी उडायला निघाल्यासारखी दिसते. तेव्हा इंग्लंडात तिची किंमत साधारण 2,100 पौंड होती. पुढे 2017 मध्ये जॅग्वार कंपनीनेच जुन्या ई-टाइप पूर्ण उभ्या करून विकायला काढल्या, त्यांची किंमत 2,85,000 पौंडांपासून सुरू होत होती. म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वादोन कोटी रुपयांहून जास्त.

“एवढे पैसे कशाचे रे?” आम्ही विचारलं.

“तासांचे, मामा,” तो म्हणाला.

मग त्याने कामाचा क्रम सांगितला. गाडी आली की आधी ती शेवटच्या स्क्रूपर्यंत सोडवायची. प्रत्येक तुकड्याचा फोटो, प्रत्येकाला चिठ्ठी. मग रंग उतरवायचा. इथे मालकाचा चेहरा पडतो, कारण वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीच्या पोटात गंज निघतो. दरवाजांखालचे पत्र्याचे पेटीसारखे खांब आणि तळ, सगळं खाल्लेलं. आधीच्या कुणीतरी वर्तमानपत्र कोंबून वरून पुट्टी फिरवलेली. या गाडीला मधल्या भागात वेगळी चॅसी नाही, पत्राच तिचा सांगाडा. म्हणून गंजलेला भाग कापण्याआधी दरवाजांच्या जागी आडवे लोखंडी बार वेल्ड करावे लागतात, बॉडी साच्यात आवळावी लागते. आधार न देता कापलं तर गाडी वाकते आणि मग दरवाजा जन्मात नीट लागत नाही.

कापलेल्या जागी नवा पत्रा हाताने घडवायचा. दोन चाकांमधून तो पुढे-मागे सरकवत गोलाई आणायची. त्या यंत्राला इंग्लिश व्हील म्हणतात. रंगाआधी सगळी गाडी एकदा जोडून बघायची, दारांच्या फटी सारख्या आल्या का ते तपासायचं आणि पुन्हा सोडवायची. इंजिनाच्या क्रँकशाफ्टला डोळ्यांना न दिसणारी चीर आहे का ते तपासायचं. बंपरला आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम. पूर्ण गाडीला हजार ते दोन हजार तास सहज लागतात. दीड हजार तास म्हणजे रोज आठ तास राबणाऱ्या एका माणसाचे साडेआठ-नऊ महिने.

“आणि विकली तर तेवढे येतात?” हिने विचारलं.

“पुष्कळदा नाही येत, मामी. खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो. मालकाला ठाऊक असतं. कुणाच्या वडिलांची गाडी असते, कुणी त्याच गाडीतून लग्नाला गेलेलं असतं.”

पप्पा पलीकडच्या खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. ऐकत नाहीत असं दाखवत होते. पोराने आवाज थोडा चढवला, मुद्दाम की काय कोण जाणे, आणि एका खास गाडीची गोष्ट सांगितली.

पेटर लिंडनर नावाचा जर्मन चालक होता. ॲल्युमिनियमच्या बॉडीची, शर्यतीसाठी बनवलेली ई-टाइप तो चालवायचा. ऑक्टोबर 1964 मध्ये पॅरिसजवळ मोंलेरी इथल्या 1,000 किलोमीटरच्या शर्यतीत पावसात मोठा अपघात झाला. लिंडनर गेला, आणखीही माणसं गेली. गाडीचा चोळामोळा झाला. ती बॉडी आता कामाची नाही असंच जाणकार म्हणत होते. नवी बॉडी घडवणं सोपं होतं. पण पुढे इंग्लंडमधल्या ब्रिजनॉर्थ गावच्या क्लासिक मोटर कार्स या कंपनीच्या कारागिरांनी तोच चुरगळलेला पत्रा हातात घेतला. 7,000 हून अधिक तास लागले, त्यातले 5,000 नुसते बॉडीवर. एकाच माणसाने केलं असतं तर साडेतीन वर्षं. पत्रा तापवून मऊ करायचा, इंच इंच उलगडायचा, जिथे फाटेल तिथे सांधायचा. मूळचा जेवढा वाचेल तेवढा वाचवायचा, कारण नवा पत्रा कितीही सुंदर असला तरी ती ती गाडी नव्हे.

खोली शांत झाली. आणि खिडकीकडे बघतच पप्पांनी विचारलं,

“सांध्यावर काय भरता? पुट्टी की शिसं?”

सात वर्षांतले हे पहिले शब्द. ताईच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

“शिसं, आजोबा,” पोरगा म्हणाला. “कारखान्यातही तेव्हा शिसंच भरायचे. लाकडी पट्टीला चरबी लावून ओढतो.”

“मेण लाव. धूर कमी होतो,” पप्पा म्हणाले. “पुट्टी आज छान दिसते. दोन पावसाळ्यांत फुगते.”

पुढे तासभर दोघे पत्र्याविषयी बोलले. आम्ही भांडी आवरली.

बंधू-भगिनींनो, आम्हाला वाटलं झालं, आता गळाभेट होईल आणि नाताळ गोड होईल. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी पोरगा एक पाकीट घेऊन आला. त्यात एक लाख चाळीस हजार रुपये होते. आम्ही पटकन मध्ये पडलो. “अरे, आजोबा कशाला घेतील? घरातलं घरात काय पैसे!” आम्हाला ते दयाळूपणाचं वाटलं. पप्पांनी हाताने आम्हाला गप्प केलं. पाकीट घेतलं, चष्मा लावला, नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या. मग कपाटातून गॅरेजची जुनी वही काढली. त्या फियाटच्या नावासमोर सात वर्षं रिकामी राहिलेल्या रकान्यात आकडा लिहिला, तारीख घातली, ‘पोचले’ लिहिलं आणि सही केली. वही मिटून म्हणाले, “उद्या सकाळी ये. शेडचं कुलूप गंजलंय, मला एकट्याला निघायचं नाही.”

त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही. ‘असू दे, विसरून जा’ म्हणून आम्ही जी पुट्टी फिरवत होतो, ती पप्पांनी फिरवू दिली नाही. त्यांना नातवाचा अपमान करायचा नव्हता. उलट, ज्याचा हिशेब घेतात त्याला माणसात धरतात, हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. जक्कयची गोष्ट आम्ही कितीदा शिकवली आहे! प्रभू येशू त्याच्या घरी आधी गेला, काही फेडायच्या आधी. आणि तरीही ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करीन असं जक्कय म्हणाला, तेव्हा प्रभूने त्याला थांबवलं नाही. क्षमा फुकट मिळते हे खरं. पण क्षमा मिळालेल्या माणसाला आपला वाटा उचलू देणं हाही तिचाच भाग आहे. पापनिवेदनानंतर फादर प्रायश्चित्त सांगतात ते कशासाठी, हे शिकवताना यापुढे आम्हाला ती वही आठवेल.

आणि आमचा हिशेब? तो बाकी होता. जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पोराला सांगितलं की त्या वर्षी आम्ही तुझ्या आईला काय म्हणालो होतो. त्याला ते ठाऊक होतं. ताईने तेव्हाच सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला, “तुम्ही हिशेबाने बरोबर होता, मामा. मम्मीने हिशेब केला नाही.”

तुमच्याही घरात, वाड्यात, चर्चच्या शेवटच्या बाकावर कुणीतरी असेल, ज्याच्या नावापुढे तुम्ही ‘टोटल लॉस’ लिहिलं आहे. त्याचं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत आहे. तिथे कुणी खोडलेलं नाही. या आठवड्यात त्याच्याशी बोलायला काही मोठा विषय लागत नाही. त्याला जे काम येतं त्याविषयी एक प्रश्न विचारा. आणि तो काही फेडायला आला, तर उगाच मोठेपणा करून हात मागे घेऊ नका.

शेडचं कुलूप शेवटी कापावंच लागलं. नवं आणलं आहे. त्याची एक किल्ली इंग्लंडला गेली.