दाखल्यावरील नाव

धर्मगुरूच्या हातून किती दाखले लिहिले जातात याचा हिशेब त्याचा त्यालाही ठेवता येत नाही. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा दाखला, शाळेसाठी वर्तणुकीचा दाखला. लोक दाराशी येऊन उभे राहतात. आपण लेखणी उचलतो, सही करतो, शिक्का मारतो. सवयीने हात सैल होतो. माझाही झाला होता. दाखला म्हणजे काय हे मला आमच्या धर्मग्रामातील एका विधवा भगिनीने पुन्हा शिकविले. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

तलमडुगु हे आमचे गाव तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेच्या बाजूस आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. आमचा भाग इकडेच राहिला. म्हणून येथील पुष्कळ घरांत प्रार्थना मराठीत होते, आणि सरकारी कागद मात्र तेलुगूत येतो.

ही भगिनी शिवणकाम करते. नवऱ्याच्या मागे तिने एका यंत्राची तीन यंत्रे केली व शेजारच्या दोघी बायकांना हाताशी घेतले. २०२४ साली राज्य सरकारने सरकारी शाळांतील मुलांचे गणवेश शिवण्याचे काम महिला बचत गटांना दिले, तेव्हा तिच्या मनात आले की, सरकारी वसतिगृहांना चादरी व उशांचे अभ्रे लागतात, ते आपण का पुरवू नयेत? चौकशीअंती कळले की, त्यासाठी आधी आपला धंदा सरकारदरबारी नोंदलेला हवा.

लहान उद्योगांची ही नोंदणी १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ या नावाने होते. तिला शुल्क नाही. आधार क्रमांक व पॅन हवा. बाकीची माहिती आपण स्वतः सत्य म्हणून सांगायची. कोणी पैसे मागू लागला तर तो सरकारचा माणूस नव्हे हे वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे. आमच्या भगिनीची अडचण निराळीच निघाली. एका कागदावर तेलुगू रीतीप्रमाणे घराण्याचे नाव आधी, दुसऱ्यावर मराठी रीतीप्रमाणे शेवटी. बँकेच्या पुस्तकात तर नवऱ्याचे नाव मध्ये. एकच बाई, पण कागदावर तिघी! ती सारी नावे एक करण्यात महिने गेले. शुभवर्तमानातील न्यायाधीशाकडे वारंवार खेटे घालणाऱ्या विधवेची मला आठवण होई. अखेर दाखला हाती आला. त्या दिवशी तिने तो मिस्सानंतर संत योसेफाच्या मूर्तीपुढे ठेवला.

आठवडाभरातच शहरातील एक व्यापारी तिच्या दारी आला. त्याचे म्हणणे गोड होते. “बाई, नाव तुमचे, माल माझा. निविदा मी भरीन, सही तेवढी तुम्ही करा. घरबसल्या तुमचा वाटा मिळेल.”

त्याला तिचे नाव कशासाठी हवे होते हे समजण्यासाठी थोडा नियम सांगणे अवश्य आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या धोरणाप्रमाणे त्याची खाती व सार्वजनिक उद्योग यांनी आपल्या खरेदीचा काही हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा असतो. २०१८ साली तो हिस्सा २५ टक्के झाला व त्यातील ३ टक्के स्त्रियांच्या उद्योगांसाठी राखला गेला. निविदेची बयाणा रक्कमही अशा उद्योगांना माफ असते. राज्यांचे नियम आपापले असतात; तेथे निविदेत लिहिलेले तेवढेच खरे मानावे. परंतु व्यापाऱ्याला ही सवलत नाही. २०२१ पासून व्यापाऱ्यालाही उद्यम नोंदणी करता येते, ती मात्र बँकेच्या कर्जाच्या सोयीपुरती. जो स्वतः वस्तू बनवितो किंवा सेवा देतो, त्याच्यासाठी राखलेले ते ताट आहे. व्यापाऱ्याला त्या पंक्तीत तिच्या पदराआडून बसावयाचे होते.

ती मला विचारावयास आली. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी थकली होती, हे मला ठाऊक होते. येथे मला माझी दुर्बलता कबूल केली पाहिजे. मी तत्काळ ‘नको’ म्हणालो नाही. “पाहू, उद्या ये,” असे म्हणालो. आणि मनात वाटाघाट करू लागलो की, यात कोणाचे काय बिघडते? माल तर पोहोचणारच आहे.

दुसऱ्या दिवशी ती आली ती उत्तर घेऊनच. म्हणाली, “फादर, रात्रभर इचार केला. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तुम्ही दुसऱ्याचं लेकरू माझं म्हणून लिहान का?”

मी निरुत्तर झालो. खोट्या साक्षीची मनाई मी मुलांना दरवर्षी शिकवितो. पण सही हीसुद्धा साक्षच आहे, हे माझ्या ध्यानातून सुटले होते. कोणाचे काय बिघडते, याचेही उत्तर मिळाले. दुसऱ्या एखाद्या गावी तीन यंत्रांवर राबणाऱ्या बाईचा घास त्या खोट्या सहीने गेला असता.

व्यापारी परत गेला. फीसाठी तिने गळ्यातील साखळी गहाण ठेवली. पहिल्या निविदेत तिचा दर जास्त ठरला व काम हुकले. पुढे उशांच्या अभ्र्यांचे लहानसे काम मिळाले, पण बिल अडून राहिले. तेव्हा मात्र आम्ही कायदा वाचला. २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागते, आणि दाद मागण्यास राज्याची परिषद असते. तिने तसा नम्र अर्ज दिला. पैसे उशिराच आले, पण आले, साखळी सुटली.

कोणी म्हणेल, धर्मगुरूने बाजाराच्या गोष्टीत का पडावे? पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली श्रमिकांच्या हक्कांविषयी परिपत्रक काढले. वसईच्या कॅथलिकांनी १९१८ साली आपली सहकारी बँक उभारली. गरिबाच्या शब्दाला वजन यावे, ही ख्रिस्तसभेची जुनीच कळकळ आहे. दाखला ते वजन देतो. म्हणूनच तो उसना देता येत नाही.

बंधुभगिनींनो, ज्यांच्या घरी शिवण, सुतारकाम वा विणकाम चालते त्यांनी नोंदणी अवश्य करून घ्यावी. नावे आधी एक करावीत, आणि सही आपल्याच हातच्या कामावर करावी. माझ्यापुरते सांगायचे तर, आता दाखल्यावर शिक्का मारण्यापूर्वी मी तो एकदा वाचून पाहतो.