मागे वळून पाहताना

इंग्लंडच्या डर्बीशायरमधील मॉन्साल ट्रेल हा मूळचा लोहमार्ग. १९६८ साली तेथील गाड्या थांबल्या. २०११ मध्ये त्यावरील बोगदे सायकलस्वारांसाठी खुले झाले. बेकवेलहून निघालो खरा, पण सुमारे पाचशे मीटर लांबीच्या पहिल्याच बोगद्यापाशी पाय थबकले.

वसतिगृहाच्या पटांगणात माझी सायकल मागून धरून धावणारे गुरुजी आठवले. त्यांनी हात कधी सोडला, कळलेच नव्हते. वळून पाहिले, तर ते दूर उभे राहून हसत होते. त्यांच्या निधनाची वार्ता आली तेव्हा मी परदेशी होतो. अंत्यदर्शन घडले नाही, हे शल्य आजही आहे.

मंद दिव्यांच्या उजेडात बोगदा पार केला. पुलाखाली वाय नदीचे हिरवे खोरे उलगडले. मी सवयीने मागे वळून पाहिले.