रंग गुणांचा, मुलाचा नव्हे

एक्सेलमध्ये तक्ता काढला की सगळे स्तंभ एकाच रंगाचे येतात. २३ मुलांचे गुण, २३ निळे स्तंभ... उंची कळते, पण कोण कुठल्या श्रेणीत ते शोधत बसावं लागतं. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही तीन निवृत्त शिक्षक संध्याकाळी दहावीच्या मुलांना फुकट शिकवतो. तिथल्या चाचणीचा हा तक्ता. श्रेणीप्रमाणे रंग हवेत असं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं.

सोपी वाट बहुतेकांना माहीत असते. स्तंभावर एकदा टिचकी मारली की सगळे निवडले जातात, पुन्हा मारली की तो एकटा. मग हवा तो रंग भरायचा. पण यात एक मेख आहे. हा रंग जागेला चिकटतो, गुणांना नाही. पाचवा स्तंभ लाल केला आणि नंतर यादी गुणांच्या क्रमाने लावली, तर लाल रंग पाचव्या जागीच राहतो आणि तिथे दुसरंच कुणी येऊन बसतं! क्रम नाही बदलला, तरी पुढच्या चाचणीत ३१ चे ४२ झाले तरी स्तंभ आपला लालच.

मंडळी, तुम्हालाही शाळा आठवली ना? निकालपत्रकात नापासाच्या गुणांखाली लाल शाईची रेघ ओढायची पद्धत होती. रेघ असायची आकड्याखाली, पण वर्गात ती चिकटायची मुलाला. सहामाहीत रेघ मिळालेला मुलगा वार्षिकात पास झाला तरी कितीतरी दिवस तोच 'ढ' राहायचा.

म्हणून दुसरी वाट धरली. गुणांच्या शेजारी सहा रकाने केले, प्रत्येक श्रेणीला एक. बोर्डाच्या श्रेण्या आहेतच: ७५ पासून विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम, ४५ पासून द्वितीय, ३५ ला उत्तीर्ण. त्याखाली एकच 'नापास' न ठेवता मी दोन केले. ३० ते ३४ म्हणजे 'काठावर', आणि उरलेले त्याखालचे. प्रत्येक रकान्यात 'इफ'चं सूत्र: गुण या श्रेणीत बसत असतील तर इथे लिही, नाहीतर रिकामं सोड. म्हणजे प्रत्येक मुलाचे गुण सहापैकी एकाच रकान्यात उमटतात. मग नावं आणि हे सहा रकाने घेऊन तक्ता काढायचा. प्रत्येक रकान्याला आपोआप वेगळा रंग मिळतो, तो आपल्याला हवा तसा बदलता येतो. सुरुवातीला स्तंभ काडीसारखे बारीक आणि नावापासून सरकलेले दिसतात. 'सीरीज ओव्हरलॅप' १०० टक्के केलं की नीट जागेवर येतात.

लाल-हिरव्याची जोडी मुद्दाम टाळली. अनेकांना, त्यातही पुरुषांना जास्त, त्या दोन रंगांतला फरक कळत नाही. 'काठावर'ला मी केशरी दिला आणि बाकीच्यांना फिकट-गडद निळ्या छटा.

रंगाने वर्गवारी दाखवणं जुनंच आहे म्हणा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंची आकृती केली. त्यात जखमांनी झालेले मृत्यू लाल, टाळता येण्याजोग्या रोगांचे निळे, बाकीचे काळे. निळा रंग इतका पसरलेला की सैनिक लढाईपेक्षा रोगानेच जास्त मेले हे एका नजरेत दिसावं. कुठे हात घालायचा ते त्या रंगाने सांगितलं.

आमच्या केशरी रंगाचंही तेच काम. पहिल्या चाचणीत चार केशरी स्तंभ होते. त्या चौघांना आम्ही रोज अर्धा तास आधी बोलावू लागलो. तक्ता भिंतीवर लावला नाही. ज्याचा त्याला आपापला स्तंभ तेवढा दाखवतो.

दुसऱ्या चाचणीचे गुण भरताना त्यातला एक शेजारी उभा होता. ३१ च्या जागी ४२ टाकले आणि स्तंभ निळा झाला.

"बाई, रंग तुम्ही बदललात?"

"नाही रे, मी फक्त गुण भरले."

तो बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला, "पुन्हा ३१ टाकून दाखवा ना." मी नाही टाकले.

चौघांपैकी एक अजून केशरीच आहे. तिसरी चाचणी दिवाळीनंतर.