मुदतीचा पत्ता

पत्ता ही मनुष्याची कायमची वस्तु आहे, अशी माझी भाबडी समजूत होती. आमच्या कबनूरमध्यें यंत्रमागावर काम करण्यासाठीं परगांवाहून आलेलीं माणसें भाड्याची मुदत संपली कीं बिऱ्हाड हलवितात, हें वर्षानुवर्षें पाहूनहि ती ढळली नव्हती. ती ढळली महाविद्यालयांतील एका लहानशा पेटीमुळें.

संगणकांना व इंटरनेटवरून बोलणाऱ्या टेलिफोनांना पत्ते वांटण्याचें काम ही पेटी करते. नवें यंत्र जोडलें कीं तें ‘कोणी पत्ता देतां का?’ असा पुकारा करतें. पेटी एक पत्ता देऊं करते. यंत्र तो मागून घेतें. पेटी होकार देते. १९९३ सालीं मांडलेला व १९९७ सालीं सुधारलेला हा संकेत मोठा व्यवहारी आहे. पत्ता द्यावयाचा, पण मुदतीनें. निम्मी मुदत सरली कीं यंत्रानें ती वाढवून मागावी. मुदत तशीच उलटली तर पत्ता दुसऱ्यास मोकळा. श्रीराम भिकाजी वेलणकरांचा १९७२ चा पिनकोड गांवाला चिकटून राहतो. हा पत्ता कोणालाच चिकटत नाहीं.

ही व्यवस्था लावण्याची हौस माझीच. वांटावयास २०० पत्ते ठेवले आणि उदार हातानें मुदत घातली आठ दिवसांची. प्रवेशाच्या दिवशीं मुलामुलींचे मोबाईल आले, घटकाभर थांबले आणि गेले. पत्ते मात्र आठ दिवस त्यांच्या नांवें अडकून पडले. सुट्टीभर बंद असलेला कचेरींतला टेलिफोन दुसऱ्या दिवशीं सकाळीं जोडला, तेव्हां त्याच्यासाठीं एकहि उरला नव्हता.

संध्याकाळीं एक गृहस्थ दारांत उभा राहिला. केसांत कापसाचे तंतू होते. मुलीच्या दाखल्याविषयीं विचारावयास तो सकाळपासून फोन करीत होता. शेवटीं अर्ध्या पाळीची मजुरी बुडवून आला, तों खिडकी बंद झालेली.

“साहेब, तुमचा फोन लागंना झालाय,” एवढेंच तो म्हणाला.

खिडकी पुन्हां उघडवून अर्ज घेतला. बुडालेली मजुरी मात्र मला परत करतां आली नाहीं. त्याच रात्रीं पाहुण्यांची मुदत दोन तासांवर आणली आणि टेलिफोनांसाठीं निराळे पत्ते राखून ठेवले. यंत्राच्या ओळखक्रमांकावरून त्यांना आतां नेहमीं तोच पत्ता मिळतो.

दोन वर्षांनीं मी निवृत्त होईन. खोलीच्या दारावरील माझी पाटीहि मुदतीचीच होती, हें आतां कळतें, आणि त्याचें फारसें दुःख वाटत नाहीं. पाटी कोणाचीहि लागो. बाहेरून हांक मारणाऱ्याला आंतून ओ मिळावी, एवढें मात्र त्या गृहस्थापासून मीं शिकलों.