आमच्या पोटातलं आम्हाला कोण सांगणार?

शोधनिबंध छापून आला, तेव्हा मी त्यात आधी आमचं गाव शोधलं. नव्हतं. ‘पश्चिम भारतातील ग्रामीण, निरोगी व्यक्ती’ एवढ्यात आमचं सगळं खोरं संपलं होतं. माणसांची ओळख लपवावी लागते, हा नियम मला ठाऊक आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे.

गाव मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला. मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी झाले आणि परराज्यातल्या एका संस्थेत फील्ड असिस्टंट म्हणून लागले. प्रकल्प एका नावाजलेल्या रेणवीय जीवशास्त्रज्ञांचा, विषय आतड्यातले जिवाणू आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर. रुग्णांशी तुलना करायला खेड्यातल्या निरोगी माणसांचे शौचाचे नमुने हवे होते.

मी भारावून गेले होते. बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जिवाणू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला आणि 2005 मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं, हे आम्ही वर्गात शिकलो होतो. 2020 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशी काही महिने विशिष्ट ई. कोलायच्या सहवासात ठेवल्या. त्या जिवाणूंच्या कोलिबॅक्टिन नावाच्या विषाची खूण पेशींच्या डीएनएवर उमटली आणि तीच खूण काही रुग्णांच्या गाठींतही सापडली. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात (एनसीसीएस) डॉ. योगेश शौचे यांच्या गटानं एकाच छताखालच्या तीन पिढ्यांची आतडी अभ्यासली होती; तो निबंध 2012 चा. मग नाचणीची भाकरी आणि इंद्रायणीचा भात खाणाऱ्या आमच्या माणसांच्या पोटात काय नांदतं, हे जगाला कळायला नको?

पण हे पटवायचं कुणाला? शौचाचा नमुना मागायला दारात उभं राहायचं म्हणजे काय, ते करून बघावं. पुरुष हसत. सुना सासूकडे बघत. डबी दिली की ती पदराआड जाई आणि दुसऱ्या दिवशी रिकामीच परत येई. मी प्रत्येकीला परसात नेऊन बसवलं, कॅन्सर कसा होतो ते सांगितलं, संमतिपत्र ओळ न्‌ ओळ वाचून दाखवलं. पावसात बर्फाची पेटी मांडीवर घेऊन पौडपर्यंत जायचं, तिथून पुढे गाडीनं नमुने उणे 80 अंशांच्या फ्रीझरकडे जायचे. शेवटी बायाच एकमेकींना समजावू लागल्या. आळीतल्या एक आजी, ज्यांनी कधी डॉक्टरला पोट दाखवलं नव्हतं, त्यांनी स्वतःहून डबी आणून दिली आणि विचारलं, “माज्या पोटात काय निगालं, ते सांगशील ना गं पोरी?” सोबतचे वरिष्ठ सहकारी म्हणाले, “हो आजी, कळवू की.”

कुणी कळवलं नाही. मी मेल केले, फोन केले. उत्तर आलं, की व्यक्तिगत निकाल देणं प्रोटोकॉलमध्ये बसत नाही. बसत नव्हतं, तर “कळवू” का म्हणालात? बरं, एकेकाचा निकाल राहू दे. गावात येऊन तासभर बसून “आम्हाला एवढं समजलं, एवढं समजलं नाही” हे तरी सांगता आलं असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत संशोधनाचा लाभ सहभागी समाजापर्यंत पोचावा, असं म्हटलेलं आहे. त्या शास्त्रज्ञांच्या यादीत एका निबंधाची भर पडली. आजी अजून विचारतात. गावातले एक बाबा म्हणाले, “धरनात जमिनी गेल्या, वीज ममईला गेली. आता पोटातलंबी घेऊन गेले.” धरणाविरुद्धचा 1921 चा मुळशी सत्याग्रह ज्यांच्या घरादारातून झाला, त्यांच्या नातवंडाचं हे बोलणं. मला खाली मान घालावी लागली.

आता याच्या उलट सांगते. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात 2020 साली एक गाजलेला निबंध आला होता: गाठींतल्या आणि रक्तातल्या जिवाणूंच्या डीएनएवरून कॅन्सर ओळखता येतो, असा. 2024 मध्ये तो मागे घेतला गेला. माणसाच्याच डीएनएचे तुकडे जिवाणूंचे समजले गेले होते. ते वाचून वाटलं, बरं झालं आजींना काही सांगितलं नाही. कच्च्या आकड्यांवरून कुणी “तुमच्या पोटात कॅन्सरचे जिवाणू आहेत” म्हणालं असतं, तर त्यांनी अन्न सोडलं असतं. म्हणजे तो प्रोटोकॉल बरोबर होता? व्यक्तिगत निकालापुरता, होता. हे मान्य करायला जड जातं.

पण न येणं बरोबर नव्हतं. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत कॅन्सरवर आयुष्यभर संशोधन केलं, कुष्ठरोगाच्या जिवाणूवरही काम केलं आणि निवृत्तीनंतर खेड्यांत, आदिवासी भागांत बायकांना आरोग्याचं शिक्षण देण्यात वर्षं घालवली. पद्मभूषण मिळालेल्या बाईंना गावात जाता आलं, मग इतरांना का येऊ नये?

उद्या दुसरी टीम आली, तर मी डब्या घेऊन पुन्हा दारोदार फिरेन. आमच्यासारख्यांचे नमुने नसतील, तर परदेशी पोटांवरून आमची औषधं ठरतील. नमुना देणाऱ्यांना एवढंच सांगेन, की सही करण्याआधी विचारा: परत कोण येणार, कधी येणार, कुठल्या भाषेत बोलणार? उत्तर संमतिपत्रावर लिहून घ्या. तोंडी “कळवू” चालवून घेऊ नका, मग समोरचा कितीही मोठा शास्त्रज्ञ असो.