कॉफीचा चोथा आणि बाबांचा मोगरा

आमच्याकडे सगळे चहाबाज. फिल्टर कॉफी पिणारे एकटे बाबा. रोजचा चोथा ते गॅलरीतल्या कुंड्यांना घालायचे. ते गेल्यावर त्यांचा फिल्टर आणि मोगरा माझ्याकडे आले. मग मीही कॉफी सुरू केली (खरं सांगायचं तर चोथ्यासाठीच!) आणि रोज सगळा ओला चोथा मोगऱ्याला घालत राहिले. महिन्याभरात पानं पिवळी पडली. माझं तर धाबंच दणाणलं!

कुंडी उकरली तेव्हा कळलं. वर चोथ्याचा घट्ट पापुद्रा जमला होता आणि खालची माती कोरडीठाक. चोथ्यात नत्र असतं साधारण २ टक्के, तेही चोथा कुजल्यावर हळूहळू मुळांना मिळतं. मग आठवलं, बाबा चोथा आधी वर्तमानपत्रावर वाळवायचे, चिमूटभरच मातीत मिसळायचे आणि उरलेला पाचोळ्याच्या डब्यात टाकायचे. मला तेव्हा तो रिकामपणचा उद्योग वाटायचा. कधी विचारलंही नाही.

आज मोगऱ्याला नवी पालवी दिसली. कळ्या अजून नाहीत. पण कॉफी मात्र आता मला खरंच आवडायला लागलीये.